‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ छापण्याआधी बाटलीतला पीएच मोजू द्या

प्रति,
माननीय संचालक,
अन्न व औषध प्रशासन संचालनालय, गोवा सरकार,
बांबोळी

विषय: ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असे छापलेल्या मालाच्या टिकाऊपणाची तपासणी आणि लहान उत्पादकांसाठी तालुक्यात मोजमापाची सोय

महोदय,

गोव्यात लोणची, सरबते, ओले मसाले, बलशांव (व्हिनेगर-मसाल्यातले मासळीचे लोणचे), पेराड (पेरूची वडी), फणसाची साठां (फणसपोळी) असा माल करणारे स्वयंसाहाय्य गट आणि घरगुती कारखाने यांच्या कामाशी आमचा नेहमीचा संबंध आहे. त्या कामात दिसणारी एक गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. गिऱ्हाईक आता पाकीट उलटून मागची बारीक अक्षरे वाचते. ‘आयएनएस २११’, म्हणजे सोडियम बेंझोएट या प्रिझर्व्हेटिव्हचा क्रमांक, दिसला की बाटली परत फळीवर जाते. म्हणून उत्पादक तो आकडा काढून टाकतो आणि पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ छापतो. मुदत मात्र पूर्वीचीच राहते, बारा महिने. बेंझोएट गेले तर त्याचे काम आता कोण करते, हे गिऱ्हाईक विचारत नाही, दुकानदार विचारत नाही, आणि तपासणीतही हा प्रश्न सहसा येत नाही.

लोकांची भीती समजण्यासारखी आहे. २०१६ साली पावात पोटॅशियम ब्रोमेट सापडल्याच्या बातम्या आल्या आणि त्याच वर्षी त्यावर देशभर बंदी आली. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारातल्या फॉर्मालीनच्या प्रकरणाने गोवा ढवळून निघाला. २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहात आणि २०२४ च्या सुरुवातीला म्हापशात गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर नगरपालिकांनी हात उगारला, तेव्हाही कारण कृत्रिम रंगांचे आणि अस्वच्छतेचे होते. पण या सगळ्यातून लोकांच्या मनात एकच टोपली तयार झाली आहे. मासळीत मुळात चालतच नसलेले फॉर्मालीन आणि लोणच्यात मोजून चालणारे बेंझोएट, दोन्ही त्याच टोपलीत पडतात.

गिऱ्हाइकाच्या मागण्या एकेक करून पाहिल्या तर रास्त वाटतात: मीठ कमी, साखर कमी, तेल कमी, प्रिझर्व्हेटिव्ह नको. शिवाय पर्यटक असेल तर काच नको, विमानात नेता येईल अशी हलकी प्लास्टिकची बाटली हवी, आणि माल घरी पोचल्यावर फ्रीजबाहेर महिनोन्‌महिने टिकायला हवा. या मागण्या एकाच बरणीत एकत्र आल्या की बरणी धोक्याची होते. पुरुमेंताचे (पावसाळ्याच्या बेगमीचे) लोणचे किंवा चेपणीची तोरां (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) पावसाळाभर टिकत, कारण त्यांत मीठ आणि आंबटपणा भरपूर असे. पाण्याच्या भागात १५ टक्के मीठ विरघळलेले असेल तर वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे जंतूंना वापरता येईल असे मोकळे पाणी, ०.९० च्या आसपास उतरते. मीठ ७-८ टक्क्यांवर आणले की ती ०.९५ च्या वर राहते. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूची वाढ ०.९४ च्या खाली थांबते, विषबाधेचा दुसरा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस तर ०.८६ पर्यंत तग धरतो. म्हणजे ‘लो सॉल्ट’ लोणच्यात मिठाचा आधार जवळजवळ गेलेला असतो आणि सगळा भार एकट्या आंबटपणावर येतो. तो आंबटपणा कुणी मोजलेला नसतो.

जे प्रिझर्व्हेटिव्ह वापरतात, त्यांच्यातही माप चुकते. लोणच्यासाठी २५० पीपीएम (दहा लाख भागांत २५० भाग) बेंझोइक आम्ल हा आकडा जुन्या फळ उत्पादन आदेशाच्या काळापासून चालत आलेला आहे. (आजची मर्यादा प्रत्येकाने अन्नसुरक्षा विनियमांच्या ताज्या तक्त्यातच पाहावी, कारण पदार्थाचा वर्ग बदलला की आकडा बदलतो.) बाजारात मिळते ते सोडियम बेंझोएट, आणि त्याच्या एका ग्रॅमात बेंझोइक आम्ल ०.८५ ग्रॅम भरते. म्हणून १० किलो लोणच्याला २.९५ ग्रॅम, धरून चला ३ ग्रॅम, पावडर लागते. गटांमध्ये ही पावडर चमच्याने घातली जाते. सपाट चमचा आणि शीग भरलेला चमचा यांत सहज दुपटीचा फरक पडतो, आणि दोन हातांनी दोनदा घातली की चौपट. दागिने तोलायचा छोटा काटा काहीशे रुपयांत मिळतो. त्याशिवाय ही पावडर कुणाच्या हातीच लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कमी पडलेली मात्राही निरुपद्रवी नसते. झायगोसॅकरोमायसिस बेली हे यीस्ट बेंझोएटला बऱ्यापैकी दाद देत नाही. अर्ध्या मात्रेच्या सरबतात बाकीचे जंतू दबतात आणि याला रान मोकळे मिळते. मग बाटलीत वायू साठतो, झाकण फुगते, कधी बाटली फुटते.

त्याहून मोठी चूक म्हणजे पीएच न पाहता बेंझोएट घालणे. पीएच हे आंबटपणाचे माप, आकडा जितका कमी तितका माल आंबट. बेंझोएट काम करते ते आम्लाच्या रूपात. पीएच ३ असेल तर त्यातला ९४ टक्के भाग कामाचा असतो, ४ ला सुमारे ६१ टक्के, ५ ला जेमतेम १४, आणि ६ ला दोन टक्क्यांहून कमी. कैरीच्या लोणच्यात ते चोख चालते. पिकलेल्या आंब्याच्या रसाचा पीएच ४ च्या आगेमागे असतो, गोड जातीत त्याहून वर जातो. तिथे आधी सायट्रिक आम्लाने आंबटपणा वाढवावा लागतो, मग बेंझोएटला अर्थ. पिकलेल्या फणसाचा गर बहुधा ५ च्या वर असतो. त्यात नियमात बसेल तितके बेंझोएट ओतले तरी ते वाया जाते, आणि लेबलावरचा आकडा पाहून उत्पादकाला वाटते की माल सुरक्षित आहे. ५-६ पीएचला बुरशी रोखायची तर पोटॅशियम सॉर्बेट बरे, पण तेही बोट्युलिझमवर भरवशाचा उपाय नाही. फणसाच्या गराला दोनच सरळ वाटा आहेत: पीएच ४.२ च्या खाली आणून गरम भरणे, नाहीतर गोठवणे.

घालण्याच्या पद्धतीतही एक बारकावा आहे. बेंझोएटची पावडर थेट आंबट रसात टाकली की बेंझोइक आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही आणि पांढरे कण तयार होतात. गिऱ्हाईक ते बुरशी समजून बाटली परत आणते. पावडर आधी थोड्या कोमट साध्या पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि मग रस ढवळत बारीक धारेने सोडावी. तेलाच्या लोणच्यात ती मीठ-व्हिनेगरच्या मिश्रणात मिसळून फोडींना चोळावी आणि तेल शेवटी घालावे. तेल आधी पडले तर पावडर फोडींपर्यंत सारखी पोचतच नाही.

आवळा, लिंबू यांसारख्या क जीवनसत्त्वाच्या सरबतात बेंझोएट टाळणेच उत्तम. उष्णता आणि उजेडात या दोघांच्या संयोगातून अल्प प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकते, आणि आपल्याकडे सरबताच्या बाटल्या रस्त्याकडेच्या गाड्यांवर एप्रिलच्या उन्हात दिवसभर उभ्या असतात. तिथे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे सल्फर डायऑक्साइड सोडणारे सल्फाइट चालते. स्क्वॅशसाठी ३५० पीपीएम सल्फर डायऑक्साइड या नेहमीच्या मात्रेला किलोमागे साधारण ०.६ ग्रॅम पावडर लागते. उघड्या डब्यातली जुनी पावडर मात्र गंधक उडून गेल्याने कमजोर होते. दम्याच्या रुग्णांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, म्हणून १० पीपीएम किंवा त्याहून जास्त असेल तर लेबलावर स्पष्ट उल्लेख हवा. अनेक लहान लेबलांवर तो नसतो.

आता भिंडांकडे, म्हणजे कोकमाच्या फळांकडे येऊ, कारण ग्राहकाची आवड रसायनाची मागणी कशी घडवते ते कोकमाच्या बाटलीइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही. आगळ म्हणजे सोलांचा मिठातला रस. त्याचा पीएच २ च्या आसपास आणि वर मीठ, त्यामुळे त्याला प्रिझर्व्हेटिव्हची गरजच नाही. त्यावर ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ खुशाल छापावे. साखर भरपूर घालून केलेला, ६५ टक्क्यांहून अधिक घन असलेला घट्ट सिरपही स्वच्छ हाताळणीत टिकतो. पण ‘कमी गोड’ मागणी आल्यामुळे साखर ४०-४५ टक्क्यांवर आली, आणि त्या पातळीला यीस्ट आरामात वाढते. दुसरा प्रश्न रंगाचा. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा असतो. उकळल्याने आणि उन्हाने तो विटतो, काही आठवड्यांत विटकरी, मग तपकिरी होतो. सल्फाइट घातले तर आणखी फिका पडतो. म्हणजे इथे प्रिझर्व्हेटिव्ह लागलेच तर बेंझोएट, सल्फाइट नाही. गिऱ्हाइकाला रसायन नको असते, पण गडद लाल रंग हवा असतो. तपकिरी बाटली पडून राहते म्हणून उत्पादक कार्मोइसिन हा कृत्रिम लाल रंग घालतो, आणि कित्येकदा ते लेबलावर येत नाही. उपाय महाग नाहीत: रस न उकळता सावलीत काढायचा, सिरप ८५ अंशांवर थोडाच वेळ ठेवायचा, बाटली गडद काचेची किंवा खोक्यात, आणि दुकानात उन्हापासून दूर. पण उत्पादक एकटा गिऱ्हाइकाची नजर बदलू शकत नाही. कोकम सहा महिन्यांनी थोडे तपकिरी दिसणे स्वाभाविक आहे, हे प्रशासनाने एकदा जाहीरपणे सांगितले तर रंगाची बाटली आपोआप मागे पडेल.

सर्वांत जास्त काळजी आम्हाला मासळी-मांसाच्या आणि नारळ-लसणाच्या मालाची वाटते. सुंगटांचे (कोळंबीचे) बलशांव घ्या. भरताना रस्सा चाखला तर झणझणीत आंबट लागतो, पीएच कदाचित ३.८ दाखवतो. पण सुंगटांतली प्रथिने आम्ल हळूहळू शोषून घेतात आणि आठ-दहा दिवसांनी सगळ्या बरणीचा पीएच ४.६ च्या वर गेलेला असू शकतो. ४.६ ही बोट्युलिझमच्या दृष्टीने सीमारेषा आहे. म्हणून भरल्या दिवशीच्या मापावर विसंबता येत नाही. त्यात माडाच्या सुरेपासून (माडीपासून) केलेल्या व्हिनेगरची आंबटाई प्रत्येक खेपेला वेगळी. कायद्याला किमान ३.७५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल लागते, आणि घरगुती व्हिनेगर पाणीदार निघाला तर तेवढेही भरत नाही. फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून आम्ल संपल्याचे दाखवणारे द्रव्य) आणि ठरावीक ताकदीचे कॉस्टिक सोड्याचे द्रावण एवढ्यावर दहा मिनिटांत टक्का काढता येतो.

पीएच मोजायची रीतही नीट शिकवायला हवी. लिटमससारख्या कागदी पट्ट्या मसाल्याच्या मालात निरुपयोगी असतात, कारण मिरचीचा आणि हळदीचा रंग पट्टीवर चढतो. मीटरच लागतो. बरणी वरवरची न घेता तळापासून ढवळून घ्यावी, गाळणीत तेल निथळू द्यावे, राहिलेले तुकडे आणि रस्सा मिक्सरमध्ये एकजीव करावा, फार घट्ट असेल तर थोडे डिस्टिल्ड वॉटर घालावे. मीटर आधी ४ आणि ७ च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर, जुळवून घ्यावा. दोन मापांच्या मध्ये इलेक्ट्रोड सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावा, कारण त्यावर तेलाचा पातळ थर बसला की आकडा सावकाश सरकत राहतो आणि चुकीच्या जागी थांबतो. एक माप दुसऱ्या दिवशी, दुसरे पंधराव्या दिवशी. दोन्ही ४.२ च्या खाली असतील तर निश्चिंत राहता येईल. ४.२ आणि ४.६ च्या मध्ये असेल तर व्हिनेगर वाढवून पुन्हा मोजावे. त्याच्या वर असेल तर तो माल फ्रीजमधलाच, आणि लेबलावर तसेच लिहावे.

व्हॅक्यूम पॅकबद्दलचा गैरसमज याच्याही पुढचा आहे. नारळाचे वाटण, लसणाचा ओला मसाला पिशवीत भरून हवा काढली की प्रिझर्व्हेटिव्हची गरज संपली, असे अनेकांना वाटते. हवा काढल्याने बुरशी थांबते आणि माल खराब झाल्याची डोळ्यांना दिसणारी खूण नाहीशी होते. बोट्युलिझमचा जंतू मात्र हवा नसतानाच वाढतो आणि वाटणाचा पीएच ६ च्या आसपास असतो. तेलात बुडवलेल्या लसणातून १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरला बोट्युलिझमचा उद्रेक झाला होता. असा माल गोठवून विकावा, किंवा त्यात आम्ल घालून पीएच खाली आणावा. काउंटरवर मांडलेले व्हॅक्यूम पॅक वाटण तपासणीत सर्वांत आधी उचलले जावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

‘नैसर्गिक’ पर्यायांबद्दल थोडक्यात. परदेशात सॉसेजवर ‘नायट्राइट घातलेले नाही’ असे लिहून सेलरीची पावडर घालतात. त्यातून तयार होणारे नायट्राइट तेच असते, फक्त मात्रा सांगणे टळते. चोरीसच्या (गोव्याच्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) नव्या पाकिटांवर हीच युक्ती येऊ घातली तर तिला आत्ताच अडवावे. जाहिरात व दाव्यांबाबतच्या २०१८ च्या विनियमांत ‘नॅचरल’सारखे शब्द कधी वापरावेत याच्या अटी आहेत. त्या मोठ्या कंपन्यांना ठाऊक असतात, गटातल्या बायकांना कुणी सांगितलेल्या नसतात. आणि मीठ, साखर, व्हिनेगर, मसाले, तेल हीही जुन्या वर्गवारीत पहिल्या वर्गाची प्रिझर्व्हेटिव्ह होती, हे गिऱ्हाइकालाही कळायला हवे.

रसायनाशिवाय माल करणे शक्य आहे आणि आम्हाला तेच हवे आहे. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पोयीला, म्हणजे गोव्याच्या पावाला, कॅल्शियम प्रोपिओनेट हे बुरशीरोधक लागत नाही, कारण ती सकाळी भाजून सकाळीच घरोघर जाते. स्लाइस ब्रेड पाच दिवस फळीवर राहायचा म्हणून त्याला ते लागते. तेव्हा प्रिझर्व्हेटिव्ह काढायचे तर मुदत कमी करावी लागेल, किंवा प्रक्रिया वाढवावी लागेल. फळाच्या सरबतासाठी ती प्रक्रिया अशी: पीएच ४ च्या खाली, रस ८५ अंशांवर, धुऊन गरम केलेल्या काचेच्या बाटलीत लगेच काठोकाठ भरणे, झाकण लावून दोन-तीन मिनिटे उलटी ठेवणे, मग टप्प्याटप्प्याने थंड करणे. साध्या प्लास्टिकच्या बाटलीत हे होत नाही, ती या उष्णतेला वाकडी होते. बाटलीही २०० मिलीची हवी, उघडल्यावर आठवड्यात संपेल अशी. पावसाळ्यातल्या दमट हवेत लोणचे कोमट असताना झाकण लावले की आत घाम धरतो, त्याचे थेंब वरच्या थरात पडतात आणि बुरशी नेमकी तिथून सुरू होते. मे महिन्यात केलेल्या कित्येक बरण्या आषाढात खराब होतात त्या एवढ्याच कारणाने.

आपल्याकडे आमचे मागणे असे आहे. ज्या पाकिटावर ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असे छापले आहे आणि मुदत तीन महिन्यांहून अधिक आहे, त्या उत्पादकाकडे निरीक्षकाने तीन नोंदी मागाव्यात: पीएच, मिठाचे किंवा साखरेचे प्रमाण, आणि उष्णता किती व किती वेळ दिली. नोंद नसेल तर पहिल्या वेळी दंड न करता मोजून द्यावे. नमुन्यांच्या चाचणीत जास्तीचे बेंझोएट शोधताना पीएच आणि वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीही तपासावी, आणि निकाल नावे न घेता पदार्थवार प्रसिद्ध करावेत. पीएच मीटर काही हजारांत येतो, प्रत्येक तालुक्यात एक ठेवणे अवघड नाही. वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीचे यंत्र लाखांत जाते, ते बांबोळीला असावे आणि गटांना नाममात्र शुल्कात आठवड्याच्या आत अहवाल मिळावा. जुने गोवे येथील आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी कृषी संशोधन संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे यांना सोबत घेता येईल. अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेतून मोठी यंत्रे घेतली जातात, त्याच यादीत काटा, थर्मामीटर आणि मीटर सक्तीचे करावेत.

आणखी एक सोपी गोष्ट. खाद्यदर्जाच्या सोडियम बेंझोएटच्या ३ ग्रॅमच्या बंद पुड्या, वर ‘१० किलो लोणच्याला एक पुडी’ असे मराठीत आणि कोकणीत छापलेल्या, गटांना मिळू लागल्या तर चमच्याचा प्रश्न मिटेल. पुडीच्या मागे विरघळवण्याची रीत, आणि ‘फणस, नारळ, मासळी यांत घालू नये’ एवढी सूचना. सोबत पदार्थवार एक पानी तक्ता द्यावा: आगळ, सिरप, कैरीचे लोणचे, बलशांव, पेराड, ओला मसाला, प्रत्येकापुढे पीएच, मीठ-साखर, चालणारे प्रिझर्व्हेटिव्ह आणि त्याशिवायची मुदत.

भिंडां एप्रिलपासून उतरू लागतात आणि कैरीची लोणची मेअखेर भरून होतात. म्हणून पुड्या, तक्ते आणि तालुक्यातले मीटर मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हवेत. त्यानंतर मिळाले तर या हंगामाचा माल बरण्यांत गेलेला असेल. तक्त्याचा मसुदा करायला आणि मीटर वापरायचे शिकवायला आम्ही वेळ देऊ.

आपले,
गोव्यातील लघु अन्नप्रक्रिया आणि अन्नतपासणीच्या कामातली मंडळी